‘म्हणून’च्या जागी ‘तरी’

परचुरेकाका, आणि बाईंवरच्या मायेने इथे आलेले तुम्ही सगळे,

मला बसून बोलायला सांगितलं होतं. मी उभीच राहते. मंगळवारपासून मला एका जागी बसवत नाहीये. ऑफिसात खुर्चीतून उठते, पँट्रीत जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. आत्ताही हात कुठे ठेवावेत ते कळत नाहीये. तेव्हा बोलता बोलता मी इकडेतिकडे फिरले तर सांभाळून घ्या.

शिवाय हा हॉल आपल्याला सहापर्यंतच आहे. सहा वाजता इथे कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस आहे. ते बघा, काचेपलीकडे फुगे दिसताहेत. गार्ड अंकलनी त्या मंडळींना स्विमिंग पूलपाशी थांबवून ठेवलंय. बाईंच्या वर्गालाही दर शनिवारी असंच व्हायचं. सहाला पाच कमी असताना बाहेर कुणीतरी केक घेऊन उभं असायचं, आणि बाई म्हणायच्या, ‘थांबतील जरा. माझं वाक्य अजून पुरं झालेलं नाही.’

जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगते. मी अनघा. इथे सिंगापुरात, आंग मो किओला, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. मी बाईंच्या नात्यातली नाही. त्यांची विद्यार्थिनीही नाही, असं निदान मी तरी समजत होते.

बोलायचं काय, हे दोन दिवस ठरवतेय. जमलं नाही. माझी वाक्यं एकमेकांना लागत नाहीत. तुम्हाला आत्ताच जाणवलं असेल. बाईंना पहिल्याच भेटीत जाणवलं होतं. मंडळाच्या कोजागरीला मी त्यांच्याशी बोलले, बराच वेळ बोलले, आणि त्या शांतपणे दुधाचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, ‘अनघा, तुझं बोलणं म्हणजे नुसती हाडं. सांधे कुठायत?’

सांधे. हा बाईंचा शब्द. व्याकरणात उभयान्वयी अव्यय म्हणतात. त्या म्हणायच्या, ‘एवढं लांबलचक नाव ऐकून मुलं वर्गातच झोपतात.’ पण, म्हणून, कारण, तरी, नाहीतर, हे सगळे सांधे. त्यांचं म्हणणं असं, की शब्द कुणीही पाठ करतो. माणूस विचार कसा करतो, ते त्याच्या सांध्यांवरून कळतं. त्यांनी लगेच मला शनिवारी चारला या हॉलमध्ये यायला सांगितलं. बोर्डावर लिहायला मदत कर म्हणाल्या. मदतीची त्यांना काही गरज नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तर हा वर्ग.

काकांची इथल्या शिपयार्डात नोकरी. बाई साताऱ्याची शाळा सोडून त्यांच्यामागे इथे आल्या. पासपोर्टात शिक्का बसला, डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्याच्या आधाराने राहायचा परवाना. तो शब्द त्यांना फार झोंबायचा. ‘मी कुणावर डिपेंडंट? यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत,’ असं त्या काकांच्या देखत म्हणायच्या. काका, तुम्ही हसलात. बरं वाटलं.

ईस्ट कोस्टच्या या काँडोतल्या फ्लॅटांत काकांच्या कंपनीने बरीच कुटुंबं ठेवली होती. त्यात काही पेरूची, काही चिलीची. नवरे यार्डात, बायका दिवसभर घरात. इंग्रजी येत नाही म्हणून मार्केटला जायलाही कचरायच्या. बाईंनी लिफ्टमध्ये, पोर्चमध्ये एकेकीला गाठलं आणि इंग्रजीचा वर्ग सुरू केला. फुकट. स्वतःला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. मी विचारलं, ‘बाई, स्पॅनिश येत नसताना स्पॅनिशवाल्यांना शिकवणार कसं?’ तर म्हणाल्या, ‘मला मराठी येतं ना?’

मला तेव्हा ते उत्तर तिरसट वाटलं होतं. नव्हतं ते तिरसट.

त्या तिथे, तिसऱ्या रांगेत, काळ्या ब्लाउजमधली, ती रोसा. रोसा पेरूची. काका पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते, ‘अलाहाबादी की लखनवी?’ तिच्या देशाचं नाव आपल्याकडे फळाचं आहे, हे तिला समजावण्यात बाईंचा एक अख्खा तास गेला. रोसा तिकडे नर्स होती. चांगली, वॉर्ड सांभाळणारी नर्स. इथे काही वर्षं नुसती घरी बसून होती. इंग्रजीची परीक्षा पास झाली, तर तिला इथे काम मिळायची आशा आहे. इतकं साधं आहे. ती परीक्षा येत्या सोमवारी आहे. परवा.

मी अस्वस्थ का आहे, ते आता थोडं कळलं असेल.

बाईंना ‘बाई’ म्हणतात हे त्या बायकांना कळल्यावर जो गोंधळ झाला, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपण शिक्षिकेला बाई म्हणतो. त्यांना ऐकू आलं ‘बाय’. आल्या आल्या सगळे हिला बाय का म्हणतात? रोसाने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, की टीचर येतात तेव्हाच तुम्ही त्यांना निरोप का देता? मग समजल्यावर त्यांनी त्याची गंमतच केली. येताना ‘हॅलो बाई’, जाताना ‘बाय बाई’. हे दर शनिवारी, सगळ्या मिळून, मोठ्याने.

असो. सांधे.

इंग्रजीत ‘बट’ एकच. स्पॅनिशमध्ये दोन आहेत. एक ‘पेरो’, एक ‘सिनो’. रोसा ‘बट’पाशी येऊन अडायची. तिला कळेना, हा कुठला बट? बाई मराठीतून विचार करत होत्या, आणि अचानक त्यांनी टेबलावर हात आपटला. ‘अगं, आपल्याकडेही दोन आहेत! पाऊस आहे पण मी जाते, हा एक. ही कॉफी नाही तर चहा आहे, हा दुसरा.’ पेरो म्हणजे पण. सिनो म्हणजे तर. आणि गंमत पुढे आहे. तोच सिनो तोडून ‘सी नो’ लिहिला, की त्याचा अर्थ होतो नाहीतर. लवकर ये, नाहीतर बस जाईल. म्हणजे ‘नाही, तर’ आणि ‘नाहीतर’, आपल्यासारखंच. त्या दिवशी बाई एवढ्या खूष झाल्या की वर्ग अर्धा तास आधी सोडला आणि सगळ्यांना हॉकर सेंटरला नेऊन उसाचा रस पाजला.

तेव्हापासून त्या वर्गात एक तिसरीच भाषा चालू झाली. रोसा हात वर करून विचारायची, ‘बाई, धिस बट इज पण ऑर तर?’ चिलीच्या बायका म्हणायच्या, ‘तर, तर.’ रोसाला मराठीतलं ‘पाणी’ येत नाही, ‘जेवण’ येत नाही. तिला फक्त सांधे येतात. आत्ता मी एवढं बोलतेय, त्यातलं तिला काय कळत असेल? पण. म्हणून. तर. जरी. मधलं सगळं नुसता आवाज. माझ्या बोलण्यातली हाडं गळून जातात आणि तिला फक्त सांधे ऐकू येतात. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मग निदान तिच्यासाठी तरी दोनचार नीट टाक.

काकांनीही त्यात एक भर घातली होती. स्पॅनिशमध्ये ‘तथापि’ला म्हणतात ‘सिन एम्बार्गो’. काका यार्डातले. ते म्हणाले, एम्बार्गो म्हणजे जहाजावरची जप्ती. सिन एम्बार्गो, म्हणजे जप्ती नाही, चला, नांगर उचला. बाईंना ‘तथापि’ हा शब्द सरकारी वाटायचा, त्यांनी तो जन्मात वापरला नाही. काकांचा अर्थ मात्र त्यांनी बोर्डावर लिहायला लावला.

आता बाईंची एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय बाईंबद्दल बोलणं अपुरं राहील, आणि त्यांनाही ते चाललं नसतं.

बाई पहिल्यांदा रोसाशी बोलल्या ते खाली पोर्चमध्ये. पाऊस पडत होता. बाईंनी विचारलं, अशा पावसात कुठे? रोसा म्हणाली, ‘ऑल्दो इट रेन्स, आय गो.’ बाईंनी तिला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. ‘ऑल्दो इट रेन्स, बट आय गो.’ बट विसरू नकोस. जरी आलं, की तरी यायलाच हवं.

तुमच्यापैकी किती जण आत्ता मान डोलावताहेत! मीही डोलावली असती. आपल्याला जरी-तरी जोडीनेच येतात. स्पॅनिशमध्ये तसं नाही. त्यांचा ‘जरी’ एकटा चालतो. इंग्रजीतलाही एकटाच चालतो. म्हणजे रोसा पहिल्या दिवशी बरोबर बोलली होती. बाईंनी तिचं बरोबर होतं ते चुकवलं. नंतर वर्गातल्या प्रत्येकीचं चुकवलं. साताऱ्याहून आणलेला ‘तरी’ पेरूच्या आणि चिलीच्या बायकांच्या तोंडी बसवला.

बरं, कुणाच्या लक्षात कसं येणार? सिंगापुरात कोण टोकणार? आपले गार्ड अंकल रोज म्हणतात, ‘ऑल्दो रेनिंग, बट कॅन गो, लाह.’ चिनी भाषेतही ती जोडीच आहे म्हणे. रोसाला वाटलं, वा, आपलं इंग्रजी अगदी सगळ्यांसारखं झालं.

मग ती परीक्षेला बसली. नापास झाली. तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईने तिला शेवटी प्रेमाने सांगितलं, की ऑल्दो म्हटल्यावर बट नको, एकच पुरे. हे तुला कुणी शिकवलं? रोसाने मान वर करून सांगितलं, ‘माय टीचर.’

ती नापास झाली त्याला आणखी कारणं होती. रोसा स्वतः सांगते, ऐकायच्या भागात तिचे मार्क गेले. पण बाईंनी ते ऐकून घेतलं नाही. मग शनिवारी इथे आल्या, या बोर्डापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी तुम्हाला जिथे जिथे दोन सांधे दिलेत, तिथला एक मला परत आणून द्या.’ माफी वगैरे मागितली नाही. रडल्या नाहीत. चिडल्या होत्या, स्वतःवरच. घरी जाऊन साताऱ्याच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना फोन लावला. म्हणाल्या, अगं, आपण निम्म्या गावाला ‘बट’ फुकट वाटलाय.

पुढचे महिने तो ‘बट’ काढण्यात गेले. घालायला एक मिनिट लागलं होतं. काढायला जीव खाल्ला. रोसा वाक्य म्हणायची, बाई बोट वर करायच्या, रोसा ‘बट’ गिळायची. अडखळायची. पुन्हा. बाई बोट वर करून बसलेल्या. बाजारात, लिफ्टमध्ये, ईस्ट कोस्ट पार्कात चालतानासुद्धा. मला तर शेवटी शेवटी कुणीही बोट वर केलं, की मी बोलायची थांबायचे.

आणि मग बाईंच्या छातीत दुखलं.

हॉस्पिटलात मी आणि रोसा दुपारी जायचो. रोसा बाईंचं मनगट धरून बसायची. ती माया होती की नाडी बघत होती, मला सांगता येणार नाही. नर्स आहे ती. बाईंना बोलताना धाप लागत होती, तरी बोट वर व्हायचंच. शेवटच्या भेटीत रोसा त्यांना म्हणाली, ‘ऑल्दो यू आर सिक, बट यू टीच.’

बोट वर. ‘एकच, रोसा. ओन्ली वन.’

रोसाने मान हलवली. म्हणाली, ‘एक्झाम, आय पुट वन. हिअर, आय पुट टू.’

बाई हसल्या. इतक्या हसल्या की वॉर्डातली नर्स धावत आली आणि आम्हाला दोघींना बाहेर काढलं. दारातून वळून बघितलं तर त्या अजून हसत होत्या आणि एका हाताने आम्हाला जा, जा, म्हणत होत्या. मला त्यांचं तेच आठवतं. दुसरं काही आठवायचं नाहीये मला.

मंगळवारी त्या गेल्या.

परवा लिफ्टमध्ये रोसा भेटली. मी विचारलं, सोमवारची तयारी? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘बाई इज डेड. देअरफोर, आय डोन्ट गो.’

देअरफोर. म्हणून.

अडखळली नाही. सांधा अगदी जागच्या जागी. स्पॅनिशमधून थेट आणणारी माणसं तिथे भलतंच काहीतरी घालतात, हिने बरोबर घातला. एवढी मेहनत बाईंनी घेतली ती फुकट गेली नाही. आणि ते वाक्य ऐकून मला लिफ्टची भिंत फोडावीशी वाटली. कारण त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, आणि तरी ते वाक्य साफ चूक आहे.

तेव्हापासून मला जिकडेतिकडे तोच शब्द ऐकू येतोय. मॅनेजमेंटच्या ऑफिसात गेले, तिथली मुलगी म्हणाली, टीचर गेल्या, म्हणून शनिवारचं बुकिंग रद्द करू का? चिलीच्या बायका म्हणाल्या, बाई नाहीत, म्हणून आम्ही आता येत नाही. काका, तुम्हीसुद्धा. तुम्ही काल म्हणालात, ती गेली, म्हणून आता इथे राहून मी काय करू. तुम्हाला बोलायचा मला काय अधिकार? तुमचं दुःख तुमचं आहे, त्याच्यापुढे मी कोण? पण काका, तुम्ही ते वाक्य म्हणालात तेव्हा मला खरंच असं वाटलं, की मागून कुणीतरी बोट वर केलंय.

बाई आयुष्यात कधी ‘म्हणून’वाल्या नव्हत्या. डिपेंडंट पास मिळाला, म्हणून घरी बसल्या का? स्पॅनिश येत नव्हतं, म्हणून शिकवलं नाही का? चूक झाली, म्हणून वर्ग बंद केला का? त्यांचा सांधा एकच होता. पास डिपेंडंटचा, तरी. स्पॅनिश येत नाही, तरी. चूक झाली, तरी. तो ‘तरी’ इंग्रजीच्या परीक्षेत चुकीचा असेल. असू दे. परीक्षेत एक घालू. इथे दोन घालू.

मला शिकवता येत नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. माझी वाक्यं तुटतात, माझे सांधे ढिले आहेत, माझ्या ऑफिसचा पेजर शनिवारीसुद्धा वाजतो. तरी पुढच्या शनिवारी चार वाजता मी या हॉलमध्ये येऊन बसणार आहे. बुकिंग मी रद्द होऊ दिलेलं नाही. कुणी आलं तर आलं. नाही आलं तर मी एकटी बोर्डावर काहीतरी लिहीन आणि पुसेन.

फुगेवाले दाराशी आले बघा. जरा थांबतील.

रोसा. रोसा, लुक हिअर. मी एवढा वेळ मराठीत बोलले, तुला सांधे तेवढे कळले असतील. आता मी अर्धं वाक्य म्हणते. अर्धं तू म्हण. बाई जसं करायच्या तसं. सगळे ऐकताहेत, काका ऐकताहेत, तेव्हा मोठ्याने.

जरी बाई गेल्या…

बोल. घाई नाही.

जरी बाई गेल्या…

ऐकलंत? काका, ऐकलंत ना? मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. ती म्हणाली, ‘तरी मंडे.’

त्यात क्रियापद नाही. बाईंनी लगेच विचारलं असतं, क्रियापद कुठाय. ते सोमवारी येईल.

आता आपण सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही. पण नुसतं गप्प उभं राहू नका. जे अर्धं वाक्य आत्ता मी म्हटलं, ते ज्याने त्याने आपल्या मनात पुरं करायचं. काका, तुम्हीसुद्धा. आणि दोन मिनिटं झाली, की वर्ग सुटताना म्हणायचो तसं, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने.

बाय, बाई.